हिलाल मास्तर बसत नाहीत

आमच्या सिनेमाचा आवाज साफ करताना मी सगळ्यात जास्त शिव्या कुणाला घातल्या असतील तर त्या हिलाल मास्तरांना. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही तो पाहिलेला नसणार. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांवरचा सिनेमा. दोन तास माणसं बाकावर बसतात, भिंतीकडे बघतात, डाळ निवडतात, कपडे वाळत घालतात. आणि मध्येच कुठूनतरी टक, टक-टक, टक असा आवाज येतो. पाहणाऱ्यांना वाटतं, दिग्दर्शकाने काहीतरी खोल अर्थाने ठेवलंय. कसला अर्थ! मास्तर कॅमेऱ्याच्या बाहेर उभे राहून दाराच्या कडीवर, पाण्याच्या टाकीवर, नाहीतर स्वतःच्या पट्ट्याच्या बकलावर तीन बोटं आपटत असत.

ती बोटं ट्रंपेटची होती. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, बँडमास्तर. पारोळ्याचे. अर्ध्या खान्देशातली लग्नं त्यांनी वाजवली होती आणि त्यातली बहुतेक त्यांना स्वतःला आठवत नव्हती. मी त्यांना भेटले तेव्हा ते धुळ्याबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होते. रुग्ण होते की आणखी काही, हे सांगणं अवघड होतं. उपचार संपून बराच काळ लोटला होता, पण ते घरी जात नव्हते. केंद्रातली पाण्याची मोटर चालू करायची, पाहुण्यांना फाटक उघडायचं, नव्या रुग्णाला अंघोळ घालायची, अशी कामं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. किती दिवस झाले सोडून, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सकायपासून."

सिनेमा काढला पंकजने. जळगावच्या मारवाडी घरातला, वडिलांचं कापडाचं मोठं दुकान. मुलगा गल्ल्यावर बसेल या आशेवर घरच्यांनी त्याला पुण्याला शिकायला पाठवलं आणि तो कॅमेरा घेऊन परत आला. स्वभावाने इतका शांत, की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी भांडण एकट्यानेच करावं लागतं. त्याची पद्धत अशी, की केंद्रातल्या खऱ्या माणसांनाच सिनेमात घ्यायचं, त्यांना थोडक्यात प्रसंग सांगायचा, कॅमेरा लावायचा आणि थांबायचं. काय होतंय याची वाट बघत थांबायचं. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलेलं. तिथे गाड्यांचा आवाज थांबला तर घरातले उठून बघायचे, काय बिघडलं म्हणून. मला त्या थांबण्याचा जाच व्हायचा. मास्तरांना तर तो सोसतच नसे.

पहिल्याच दिवशी पंकजने त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "मास्तर, काही करायचं नाही. नुसतं बसायचं." मी त्यांच्या सदऱ्याच्या आत छोटा माइक लावला आणि कानाला हेडफोन घालून लांब बसले. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग बकल वाजायला लागलं. मग चपला. मग मास्तर उठले, कॅमेऱ्यासमोरून चालत गेले, अंगणातली तुळस आडवी झाली होती तिला काडीचा टेकू दिला आणि परत येऊन पंकजच्या पुढ्यात उभे राहिले.

"पंकजशेठ, तुमना पिच्चर सरकारी दवाखानाना बाकडासारखा शे. बठ्ठा बठेल शेतस, नंबर कोनाच लागत नही."

सगळे हसले. पंकजसुद्धा हसला आणि म्हणाला, "पुन्हा घेऊ या." पुन्हा घेतलं. पुन्हा मास्तर उठले. दुपारपर्यंत तुळस, दोरीवरचे कपडे, नळाची गळती, सगळं मार्गी लागलं, फक्त आमचा शॉट लागला नाही. शेवटी मी वैतागून त्यांना म्हटलं, "मास्तर, पाच मिनिटं बसायला काय होतं तुम्हाला?"

ते हळू म्हणाले, "बठनू का माले आठवस, ताई."

त्यानंतर मी त्यांना बसा म्हटलं नाही. शिव्या मात्र मनातल्या मनात चालूच ठेवल्या, कारण आवाज साफ करायचं काम माझंच होतं.

त्यांचं चालणंही साधं नव्हतं. बँडमास्तर मिरवणुकीत आपल्या वाजवणाऱ्यांकडे तोंड करून चालतो, म्हणजे उलटा. आयुष्यभर ती सवय. बोलताना ते तुमच्यासमोर येऊन मागे मागे सरकत राहायचे आणि तुम्ही आपोआप पुढे पुढे चालायला लागायचे. पोटरीला न बघता पायरी कळायची, खड्डा कळायचा. पँट बँडच्या गणवेशाचीच, लाल, बाजूने सोनेरी पट्टी असलेली. खिशात फुटाणे. जेवायचे तेही भाकरीवर भाजी घेऊन फिरत. दर रविवारी त्यांच्या पत्नी शोभाअक्का पारोळ्याहून डबा घेऊन यायच्या. त्या एका जागी बसायच्या आणि मास्तर त्यांच्याभोवती फिरत जेवायचे. "लगीन व्हयनं तवय बी इतलंच फिरेल व्हतात," अक्का मला म्हणाल्या. "तवय आगीभोवती फिरनात, आते मनाभोवती."

नवा रुग्ण आला की मास्तरांना चेव यायचा. दारू एकदम बंद झालेला माणूस थरथरत असतो, त्याला घाम फुटतो, भिंतीवर नाही ते दिसतं. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, अशा माणसाला पडून राहू द्या. मास्तरांचं म्हणणं, चालवा. डॉक्टरांची पाठ वळली की ते त्या माणसाचे दोन्ही हात धरून स्वतः उलटे चालत त्याला अंगणात फेऱ्या मारायला लावायचे. तोंडाने ढोलाचा ठेका. "धडाम धडाम, चाल रे भो, पुढे चाल, मांडव जवळ उना." एकदा चोपड्याकडचा एक जाडजूड माणूस तिसऱ्या फेरीला त्यांच्या अंगावरच कोसळला. दोघंही तुळशीत. डॉक्टर धावत आले आणि मास्तरांना असं झापलं की बघणाऱ्याला लाज वाटावी. डॉक्टरांचं बरोबरच होतं, माणूस मेला असता. मास्तर मान खाली घालून ऐकत होते, पण हात मागे, आणि मागे बोटं चालूच.

त्यांची खरी काळजी वेगळी होती आणि ती त्यांनी सगळ्यांना सांगून टाकली होती. त्यांना परत वाजवायचं होतं. चुलत्याच्या बँडमध्ये मिसरूड फुटायच्या आधी ते लागले. गर्दीत वाजवायची लाज वाटायची म्हणून चुलत्याने पहिला घोट पाजला. तेव्हापासून त्या घोटाशिवाय त्यांनी ट्रंपेट ओठाला लावली नव्हती. आणि लग्नात दारू मागावी लागत नाही. नवरदेवाचे भाऊ, मामा, मित्र, ज्याला त्याला मास्तरला पाजायची असते. मास्तरला पाजणं हा मान असतो. घेतली नाही तर पाजणाऱ्याचा अपमान. त्यामुळे मास्तरांचं गणित साधं होतं. दारू सोडायची तर बँड सोडायचा. बँड सोडला तर हे जे रोज सकाळी उठून चालायचं, ते कुठे जायचं? "बिगर पेयेल मनी फुक निंघस का नही, हाईच माले माहीत नही," असं ते म्हणायचे. केंद्रात ट्रंपेट होती, त्यांच्या पलंगाखाली, फडक्यात गुंडाळलेली. तिला ते रोज पुसायचे. फुंकत नसत.

पंकजला हे कळलं आणि त्याला त्याच्या सिनेमाचा शेवट सापडला. मास्तर जो माणूस रंगवत होते तो बऱ्याच काळाने एका मिरवणुकीत वाजवायला जातो, कुणीतरी त्याला पेला देतं, तो पेला ओठापर्यंत नेतो, थांबतो आणि न पिता खाली ठेवतो. मग वाजवतो. एवढंच. पेल्यात कोरा चहा. डॉक्टरांनी नको म्हटलं. मास्तर म्हणाले, "चहाच शे ना? मंग काय." आणि त्या दिवसापासून त्यांनी रात्री झोपणं सोडलं असं केंद्रातले लोक सांगत होते.

पंकजला खोटी मिरवणूक नको होती. पारोळा तालुक्यातल्या एका गावात मास्तरांच्याच जुन्या बँडला सुपारी होती. नवरदेवाच्या घरच्यांनी हौसेने होकार दिला, सिनेमावाले येणार म्हणून आणखी दोनशे माणसं गोळा झाली. भर दुपारी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला आणि तिथून मांडवाकडे निघाला. वरण-बट्टीचा वास सगळ्या गल्लीत. बँडवाल्या पोरांनी मास्तरांना बघून पाया पडायला झुंबड केली. मास्तरांनी गणवेशाचा वरचा कोटही घातला होता. ट्रंपेट गळ्यात, कोटाच्या आत माझा छोटा माइक. मी एका घराच्या ओट्यावर, हेडफोन घालून, गर्दीपासून बरीच लांब.

नवरदेवाच्या मामाकडे पेला द्यायचं काम होतं. पंकजने त्यांना तीनदा समजावलं. थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात ओतायचा आणि मास्तरांना द्यायचा. मामांनी मान डोलावली. नंतर कळलं ते असं, की शॉट सुरू व्हायच्या आधी मामा घरात गेले आणि त्यांनी तो चहा मोरीत ओतला. घरातल्या बायकांना म्हणाले, "मास्तरले चहा पाजतस का कोनी? आपला दारशी? लोके काय म्हनतीन?" माणूस वाईट नव्हता. भाच्याच्या लग्नात, एवढ्या लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर, मास्तरला चहा द्यायला त्यांचं मन धजेना. त्यांनी चांगल्यातली चांगली काढली आणि पेला भरला.

कॅमेरा चालू झाला. पोरं नाचत होती, ढोल फुटेल असा वाजत होता. मास्तर उलटे चालत आले, हात वर करून त्यांनी बँड थांबवला. मामा पुढे झाले. पेला दिला. मास्तरांनी तो ठरल्याप्रमाणे ओठापर्यंत नेला आणि थांबले.

किती सुरेख थांबले होते! पंकजचा चेहरा मला लांबून दिसत होता, त्याला आयुष्यात एवढा आनंद झाला नसेल. हा माणूस प्रथमच न हलता उभा होता. एक बोट हलत नव्हतं. आणि माझ्या कानात मास्तरांचा आवाज आला. ओठ न हलवता बोलावं तसा, अगदी बारीक.

"ताई, आयकस का? ही खरी शे."

त्या गल्लीत तीनशे माणसं असतील. ते वाक्य फक्त मला ऐकू येणार आहे हे त्यांना माहीत होतं.

"ताई. मनी मूठ सुटत नही."

मी हेडफोन फेकले की काढले, आठवत नाही. ओट्यावरून उडी मारली. गर्दीतून वाट काढताना कुणाच्या तरी डोक्यावरचा फेटा पडला, कुणीतरी शिवी दिली. मी पोचले तेव्हा पेला तसाच ओठाशी होता आणि मास्तरांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, पेला काढून घेतला आणि सगळी दारू रस्त्यावर ओतली. मामा भडकले. "आमना मान बुडाडा!" म्हणून ओरडायला लागले. शॉट तर केव्हाच बोंबलला होता. पंकज धावत येऊन मला विचारत होता, काय झालं, काय झालं.

ही सगळी हमरीतुमरी चालू असताना मास्तरांनी ट्रंपेट ओठाला लावली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, फुस्स. पोरं हसली. दुसऱ्यांदा सूर निघाला आणि मध्येच फाटला. तिसऱ्यांदा फाटला नाही. मग मास्तर वळले, आपल्या बँडकडे तोंड केलं आणि मागे मागे चालायला लागले, आणि सगळी मिरवणूक, भांडणाऱ्या मामांसकट, त्यांच्यामागे निघाली. ती वाट फार लांबची नव्हती. पण मांडवाच्या दारापर्यंत त्यांनी ओठ काढला नाही. मी माइक बंद करायला विसरले होते, त्यामुळे ते सगळं माझ्याकडे आहे. वाजवणं काही फार चांगलं नाही. दम कमी पडतो, दोन ठिकाणी चाल चुकते. मी ते ऐकते तेव्हा मला रडू येतं आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पंकजने पुढे संकलनात एक हुशारी केली. मी गर्दीतून पोचायच्या आधीचा पेला ओठाशी असलेला शॉट त्याने घेतला. नंतर एका दुसऱ्या दिवशी, केंद्राच्या अंगणात, एका पायरीवर पेला ठेवणारा मास्तरांचा हात फक्त घेतला. दोन तुकडे जोडले. ते "ताई, ही खरी शे" मी काढून टाकलं. मास्तरांनीच सांगितलं होतं. त्यामुळे सिनेमात असं दिसतं, की एक माणूस पेला ओठाशी नेतो, बराच वेळ थांबतो आणि शांतपणे खाली ठेवतो. फार ताकदीचा प्रसंग झालाय असं सगळे म्हणतात.

मास्तर त्यानंतर पारोळ्याला घरी गेले आणि बँडमध्ये वाजवायला लागले. पेला समोर आला की हातातली ट्रंपेट दाखवून म्हणायचे, डॉक्टरनी बंदी करेल शे. शोभाअक्का प्रत्येक सुपारीला सोबत जायच्या, बँडच्या मागच्या गाडीत बसायच्या. सगळी लग्नं त्यांनी अशी काढली. हे अक्कांनीच फोनवर सांगितलं, हसत हसत.

मग जळगावात सिनेमा दाखवायचं ठरलं. पंकजच्या वडिलांनी हॉल घेतला, नातेवाईक, व्यापारी, कॉलेजची मुलं, हॉल भरला. शेवटी मास्तरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. मास्तर पहिल्या रांगेत, स्वच्छ पांढरा सदरा, शेजारी शोभाअक्का. मी मागे, आवाजाच्या यंत्रापाशी. तो पेल्याचा प्रसंग आला. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. हाताने पेला पायरीवर ठेवला आणि टाळ्या सुरू झाल्या. सिनेमा संपायच्या आधीच, जोरात, उभं राहून. त्या अंधारात मला मास्तर उठताना दिसले. ते मधल्या वाटेने माझ्याजवळून बाहेर गेले.

मला वाटलं, नेहमीसारखे फिरायला गेले असतील. पण त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. मी मागे गेले. ते रस्ता ओलांडून भराभरा चालत होते, बसस्थानकाच्या दिशेने, आज सरळ. मी पळत जाऊन त्यांना गाठलं आणि जवळ जाताच मला वास आला. शिळा, पण ओळखू येणारा.

माझं डोकं फिरलं. इतकी चिडले की त्या रस्त्यावर मी त्यांच्यावर ओरडले. काय हे मास्तर, आज? आजच?

"काल," ते म्हणाले. "गल्लीमा पोरे जमनात. मास्तर हिरो व्हयनात म्हनीसन. मान करा तेस्नी." पिशवी सावरत म्हणाले, "मी नको म्हनं नही."

"अक्कांना माहीत आहे?"

"तिले रातलेच वास उना. तिनी काही इचारं नही. पिशवी तिनीच भरी."

ते चालतच होते, मी बाजूने. बसस्थानकात शिरल्यावर ते पहिल्यांदा थांबले.

"आयक, ताई. पिच्चरमा मी गिलास ठेवा. खरामा तू लिधा व्हता मना हातमाईन. आनि लोके टाया वाजी ऱ्हायनात." "माले बठवनं नही तठे."

मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर केंद्रात. फोन करते, गाडी बोलावते. त्यांनी दोन्ही हात जोडले. रागाने की विनवणीने, कळलं नाही.

"कोनी संगे उनं का माले आनं असं व्हई. दर येले आनंच शे माले, चार जनस्नी धरीसन. आज माले मना पायवर जावानं शे."

धुळ्याची बस लागली होती. जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत पारोळा लागतं. तिथे मास्तरांचं घर, तिथे ती गल्ली, ती पोरं, आणि स्थानकाच्या बाहेरच ते दुकान, जिथे त्यांना नावाने हाक मारतात. तिथे गाडी थांबते, माणसं चहाला उतरतात. मास्तरांना हे माहीत होतं आणि मलाही. ते चढले. दारातून आत दिसेनासे झाले.

हॉलमध्ये आता त्यांचं नाव पुकारत असणार, शोभाअक्का शालीकडे बघत बसल्या असणार. मला परत जायला हवं होतं. पण मी बसच्या बाजूने, एकेका खिडकीखालून चालत राहिले. काचा धुळीने भरलेल्या, आत काही नीट दिसत नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत पुढे सरकत होता. त्याने मास्तरांना ओळखलं असावं, पारोळ्याकडचाच असेल. "काय मास्तर, पारोळा ना?" असं त्याने हसत विचारलेलं मला ऐकू आलं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली, सगळी बस थडथडायला लागली. मी कान देऊन उभी होते.

"नही रे भो," मास्तर म्हणाले. इतक्या मोठ्याने की स्थानकातल्या दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. "पारोळा नको दिऊ. मी मांगसू तरी दिऊ नको. धुळं फाड."